देवासच्या सभागृहात टाऊ सेटी

मध्य प्रदेशातल्या देवासच्या मराठी मंडळाची व्याख्यानमाला दर हिवाळ्यात होते. त्या वर्षी पुण्याहून यायचे एक वक्ते ऐनवेळी आजारी पडले आणि मधला दिवस रिकामा राहिला. माझी आत्या मंडळाच्या समितीवर होती. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, आणि बैठकीत सगळ्यांचं बोलून संपलं की मग तोंड उघडणारी. ती म्हणाली, "माझी भाची बोलेल."

मी धारला राहते आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. तिथे गाड्यांचे गिअर बनतात. त्यांचं पोलाद तपासणं हे माझं काम. सकाळी शिफ्टची बस, संध्याकाळी शिफ्टची बस. आयुष्यात भाषण असं कधी केलं नव्हतं.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. सरकारी नोकरीत मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज मऊ.

"ताई, विषय आम्ही ठरवून टाकलाय. 'नोकरी करणारी स्त्री : घर आणि कारखाना.' तुम्हाला सोपं जाईल."

"मी टाऊ सेटीवर बोलेन," मी म्हणाले.

"कोणावर?"

"तारा आहे. सूर्यासारखा, आणि आपल्या जवळचा."

ते हसले. वाईट हसू नव्हतं ते, लहान मुलीला हसतात तसं होतं. "ताऱ्यांचं शाळेत ठीक आहे हो. आपल्याकडे श्रोते वयस्कर. तुम्ही अनुभवाचं बोला ना, आपबीती."

"हाच माझा अनुभव आहे."

त्यांना वाटलं मी फटकळ उत्तर दिलं. पण ते खरंच होतं. लॅबमध्ये माझ्याकडे एक यंत्र आहे. पोलादाचा तुकडा घासून त्यावर ठेवायचा, की ठिणगी पडते. त्या ठिणगीचा प्रकाश यंत्र रेघांमध्ये फोडतं आणि रेघांवरून सांगतं, कार्बन इतका, क्रोमियम इतकं. कित्येक वर्षं मी हे करत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग एकदा बसमध्ये एका हिंदी मासिकात वाचलं की ताऱ्यात लोखंड किती आहे तेही असंच कळतं. ताऱ्याचा प्रकाश रेघांमध्ये फोडायचा आणि रेघा वाचायच्या. तुकडा हातात नसतो, एवढाच फरक. मी मासिक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. इतके दिवस मी जे करत होते ते ताऱ्याशीही करता येतं, आणि हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, ह्याचा मला चक्क राग आला. त्या लेखात ज्या ताऱ्याबद्दल लिहिलं होतं तो टाऊ सेटी. पुढे जे मिळेल ते वाचत गेले.

हे सगळं फोनवर कसं सांगणार? मी एवढंच म्हटलं, "बाईच्या नोकरीवर बोलायला पुष्कळ जण मिळतील. मी ताऱ्यावर बोलेन, नाहीतर येणार नाही."

अध्यक्षांनी आत्याला गाठलं. आत्या म्हणाली, "विषय तोच. नसेल पटत तर दिवस रिकामा ठेवा आणि सभागृहाच्या भाड्याचा हिशोब तुम्ही द्या." झालं, ठरलं.

आदल्या दिवशी मी देवासला गेले. माझं शिक्षण सगळं हिंदीत झालेलं. घरात मराठी बोलायचो, पण वाचायला मी उशिरा शिकले, तेही आत्यानेच शिकवलं. तिने मला समोर उभं केलं आणि म्हणाली, "हं, बोल."

"टाऊ सेटीचं द्रव्यमान..."

"वस्तुमान."

"तोच तो अर्थ ना, आत्या!"

"अर्थ तोच. शब्द वस्तुमान. त्रिज्या तुझी ठीक आहे, तापमानही ठीक. 'ज्यादा' म्हणू नकोस, 'जास्त' म्हण."

दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले. म्हटलं, सरळ हिंदीत बोलते, सगळ्यांना येते. आत्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "शंभर वेळा अडखळ," ती म्हणाली, "पण मराठीत अडखळ. अडखळल्याने कोणी मरत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गावातल्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या सभागृहात पोचलो. दाराशी फळा होता. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'स्त्री आणि आकाश.' माझं नाव खाली.

मी आत्याकडे बघितलं. मी ओढणीच्या टोकाने फळा पुसला आणि खडू उचलून लिहिलं, 'टाऊ सेटी : एका ताऱ्याचे गुणधर्म.' 'ताऱ्याचे' लिहिताना माझी गडबड झाली, 'ऱ्या'चा हिंदीसारखा 'र्या' झाला. आत्याने तेवढं एक अक्षर पुसून नीट केलं. मागे उभे असलेले एक कार्यकर्ते म्हणाले, "अहो, हे काय? अध्यक्षांनी..." आत्या म्हणाली, "अध्यक्षांना मी सांगेन," आणि आत गेली.

सभागृह निम्मं भरलं होतं. शाली, स्वेटर, मफलर. मी माईकसमोर उभी राहिले. पर्समधून एक छोटा गिअर काढून टेबलावर ठेवला आणि त्यात काय आहे हे मला कसं कळतं, तिथून सुरुवात केली. ठिणगीपासून ताऱ्यापर्यंत यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पण मग एका वाक्यात "उसका जो प्रकाश है" निघून गेलं आणि पहिल्या रांगेतून कोणी हसलं.

"ताई," तिथलेच एक गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "हिंदीत बोला हो, चालेल. आम्हाला सगळं समजतं."

"समजतं ते माहीत आहे," मी म्हणाले. "पण मी इथे मराठीत बोलायला आले आहे. माझी मराठी जशी आहे तशी ऐका."

मी इतक्या मोठ्याने बोलले होते की माईक किंचाळला. मी तो जरा दूर सरकवला आणि पुढे बोलू लागले.

मी सांगितलं : हा तारा आपल्यापासून बारा प्रकाशवर्षांहून किंचित कमी अंतरावर आहे. सूर्यासारखे जे तारे एकेकटे आहेत, जोडीने फिरत नाहीत, त्यांत हा सगळ्यांत जवळचा. त्याचं वस्तुमान सूर्याच्या पाऊणपटीहून थोडं जास्त. रुंदी सूर्याच्या पाच भागांतले चार भाग. पृष्ठभाग सूर्याहून चार-साडेचारशे अंशांनी थंड, म्हणून रंग जरासा अधिक पिवळा. प्रकाश मात्र जवळजवळ निम्माच. लोखंड सूर्यात आहे त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. त्याच्याभोवती दगडधोंडे आणि धूळ मात्र आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी पट. आणि तो थरथरतो. त्याचा पृष्ठभाग काही मिनिटांच्या तालावर किंचित वर-खाली होत असतो, आणि त्या तालावरून तो आतून किती दाट आहे ते काढता येतं. कारखान्यात आम्ही ओतीव तुकड्यावर हातोडी मारून नाद ऐकतो. नाद बसका आला की समजायचं, आत तडा आहे.

इथे मी गिअर दोरीला टांगून पेनाने वाजवून दाखवला. मागच्या रांगेतली माणसं मान उंच करून बघू लागली.

प्रश्न सुरू झाले. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तिथे कोणी राहतं का गं?"

"काही शास्त्रज्ञ म्हणतात ग्रह आहेत, काही म्हणतात नाहीत. मला माहीत नाही."

पहिल्या रांगेतले तेच गृहस्थ उठले. "सगळं छान सांगितलंत. पण ह्याचा उपयोग काय?"

"काही नाही," मी म्हणाले. "उपयोगाचं मी रोज कारखान्यात करते."

मग अध्यक्ष समारोपाला उभे राहिले. म्हणाले, "ताईंनी फार सुंदर विषय मांडला. मला तर वाटतं, हा तारा म्हणजे आपली गृहिणीच. सूर्याहून लहान, प्रकाश कमी, पण शांत आणि दीर्घायुषी." टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या.

मी खाली बसले होते. उठायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण उठले, आणि त्यांच्या शेजारी जाऊन माईक हातात घेतला.

"माफ करा. तो गृहिणी नाही. त्याचा प्रकाश कमी आहे कारण त्याचं वस्तुमान कमी आहे. वस्तुमान कमी म्हणून इंधन सावकाश जळतं, म्हणून तो जास्त टिकतो. बाईचा ह्यात काही संबंध नाही. मी आत्तापर्यंत बोलले ते ताऱ्याबद्दल बोलले. उद्या कोणी सूर्यावर बोललं तर तुम्ही त्याला कोणाचा नवरा म्हणाल का?"

माळव्यात सगळ्यांनाच 'भिया' म्हणतात, तसा मागून आवाज आला, "भिया, सूर्याला तर पुराणात बायका आहेत!" सगळे हसले. मलाही हसू आलं. "असतील," मी म्हणाले. "पुराणावर बोलायला मला बोलावलं नव्हतं."

अध्यक्षांनी शाल आणि नारळ दिला, माझ्या नजरेला नजर न देता. बाहेर चपला घालत असताना ती म्हातारी बाई सुनेचा हात धरून आली. "आज दिसेल का तो?"

"गावातल्या दिव्यांत नाही दिसायचा. बागलीच्या रस्त्याला अंधारात जाऊन दक्षिणेला बघा. बारीक आहे, पण दिसतो."

त्या गेल्या की नाही, कळलं नाही.

महिन्याभराने समितीची बैठक झाली. आत्याला निरोपच गेला नाही. शेजारणीकडून कळलं तेव्हा ती बिननिरोपाची गेली, खुर्ची ओढली आणि बसली. कोणी 'या' म्हटलं नाही, कोणी 'जा' म्हणायची हिंमतही केली नाही. सगळ्यांचं बोलून संपल्यावर ती म्हणाली, "पुढल्या वर्षी माझ्या भाचीला पुन्हा बोलवा. ताऱ्यांत लोखंड मुळात येतं कुठून, ते सांगायचं राहिलंय."

"पाहू," अध्यक्ष म्हणाले.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी बसमध्ये होते. "वाचायला लाग," ती म्हणाली, "आणि ह्या वेळी वस्तुमान चुकायचं नाही."

मी वाचायला लागले आहे. बोलावणं अजून आलेलं नाही.