घोडी आठ दिवस देवणीला होती

गेली दोन वर्षं आमच्या घरात असं धरून चाललं होतं की माझ्या मुलीचा लगामावरचा हात जड आहे. तो जड नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात झाली. कुणाचा बांध कुठं सरकला आणि कुणी सरकवला हे कागदावर आणणं एवढंच मी आयुष्यभर केलं. तेव्हा हेही कागदावर आणतो.

मुलगी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. वय चाळीस. लग्न केलेलं नाही. स्वतःची घोडी आहे. आमच्या नात्यात ही माहिती याच क्रमानं सांगितली जाते आणि घोडीपाशी आल्यावर सांगणारा एकदा मागं वळून बघतो.

तिच्या खेळाला ड्रेसाज म्हणतात. यात शर्यत नसते, उड्या नसतात. आखलेल्या रिंगणात घोडी ठरलेल्या जागी चालते, दुडकते, वळते आणि थांबते. हे सगळं स्वाराचा हात-पाय हललेला न दिसता व्हावं लागतं. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण आणि शेजारी पंचाचा शेरा. पुण्याला वर्षातून दोन-तीनदा स्पर्धा होतात. मुलगी टेम्पोत घोडी घालून जाते आणि सोमवारच्या तासाला परत येते.

गावाबाहेर आमचं एक एकर रान आहे, त्यात रिंगण आहे. वीस मीटर बाय चाळीस मीटर. ते मी मोजून दिलं. कोपरे काटकोनात आहेत. या खेळात माझ्या हातून झालेलं एवढंच काम बिनचूक आहे. कडेनं तेलाचे रिकामे डबे मांडलेत, त्यांवर इंग्रजी अक्षरं रंगवली आहेत: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. क्रम असा का, हे मुलीला माहीत नाही आणि पुण्याच्या पंचांनाही माहीत नाही. आमच्या कार्यालयात कुणी गट नंबर असे टाकले असते तर त्याची चौकशी लागली असती. रिंगणाच्या बरोबर मध्यावर एक्स. तिथं डबा नसतो. स्वारानं तो मनात धरायचा.

पहाटे आम्ही स्कूटरवर रानात जातो. ती खरारा करते, खुरं साफ करते, खोगीर कसते. मी तोबरा भरतो आणि खुर्ची टाकून बसतो. मग मी स्पर्धेतल्या हालचालींचा कागद वाचतो. कागद इंग्रजीत, मी मराठीत वाचतो: ए पासून आत या, एक्सवर थांबा, नमस्कार. सव्वासातला ती अंगाला घोडीचा वास घेऊन क्लासला जाते. पहिल्या बाकावरच्या मुलांनी आता त्यावर बोलणं सोडून दिलं आहे.

घोडी माळेगावच्या जत्रेतली. मारवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. मुलीनं तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घातला तो थांबण्यावर. चारही पाय चौकोनात, मान शांत, चार सेकंद. याला दीड वर्ष लागलं. एकदा शेजारच्या रानाचे मालक कुंपणाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, हे काय शिकवायली पोरगी? मी म्हणालो, उभं राहायला. ते म्हणाले, "आमची म्हैस बिनशिकविता उभी ऱ्हाती." आणि गेले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात क्लासनं मुलीला तीन आठवड्यांसाठी नांदेडच्या शाखेत पाठवलं, परीक्षेआधीची उजळणी घ्यायला. घोडी माझ्यावर सोपवली. रोज तिला दोरीवर फिरवायचं, अर्धा तास, दोन्ही बाजूंनी सारखं. कागदावर लिहून दिलं होतं.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी माझा मेव्हणा आला. उदगीरला त्याची तेलबियांची अडत आहे. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरातीला सांगितलेला घोडा लंगडत होता. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या माहेरचं म्हणून तो एकटाच आमच्याकडं येतो. मी आधी नाही म्हणालो. ही घोडी बँडला बुजेल, म्हणालो. त्यानं चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या दारात घोडी हाय. नवरदेव काय येणार न्हाई. निदान घोडीला तरी लग्न बघू द्या."

यावर मी रागवायला हवं होतं. मी लग्नाची तारीख विचारली.

त्यानं सगळी व्यवस्था केली. देवणीजवळ त्याचं शेत आहे. तिथं घोडी आठ दिवस ठेवायची, म्हणजे हलगीच्या आवाजाला सरावेल. सरावासाठी एक उस्ताद येणार होता, लग्नातले घोडे तयार करणारा. घोडी टेम्पोत चढली तेव्हा तिनं मागं पाहिलं नाही. आपण पुण्याला चाललो असं तिला वाटलं असावं.

मी पहिल्या दिवशी देवणीला गेलो आणि शेवटच्या दिवशी गेलो. मधले सहा दिवस काय झालं ते मी विचारलं नाही. उस्ताद सांगायला तयार होता. शेवटच्या दिवशी त्यानं हलगीवर दोन बोटं टाकली आणि घोडीनं जागच्या जागी पुढचे पाय उचलायला सुरुवात केली, एक, मग दुसरा, गुडघ्यापर्यंत. मी विचारलं, इतक्या लवकर कसं? तो म्हणाला, "मॅडमची मेहनत हाय साहेब. हिला उभं राहायचं बराबर म्हाईत हाय. पळणारं जनावर नाचत न्हाई. उभी केली, की पाय मागायचे."

पाय कसे मागायचे, हे विचारायचं राहिलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. खुंटीला बारीक साखळी लटकत होती आणि मी ती पाहिली होती.

मुलगी रोज संध्याकाळी नांदेडहून फोन करायची. काय खाल्लं, किती फिरवली, डाव्या बाजूला ओढते का. मी लातूरला रिकाम्या तबेल्यात उभा राहून उत्तरं द्यायचो, कारण तिथून उत्तर देणं मला जास्त खरं वाटायचं. डाव्या बाजूला थोडी ओढते, म्हणायचो. तिनं फोटो मागितला. मी फोनमधला एक जुना पाठवला. त्यावर ती म्हणाली, "मी गेल्यापासून वाळली ती. लसूणघास वाढवा." तो फोटो तिनंच काढलेला होता.

मुलीला लग्नाला यायला रजा मिळाली नाही, आणि घोडीचं तिला कळवायचं नाही असं मी मेव्हण्याला बजावलं होतं. वरात पाच वाजता निघाली. उदगीरच्या बाजारातून बँड पुढं, त्यामागं घोडी, आणि घोडीच्या बाजूनं मी. ती नाचली. दुकानदार पायऱ्या उतरून खाली आले. तीन-चार जणांनी विचारलं, कुणाची घोडी? मी म्हणालो, माझ्या मुलीची. वरात माझ्याच घरची असल्यासारखा मी त्या दिवशी चाललो. मला आनंद झाला होता. हा कबुलीतला सर्वांत अवघड भाग आहे, साखळीपेक्षाही.

घोडी परत आली तेव्हा पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, केस गेलेले होते आणि कातडीवर बारीक रेषा होत्या. मी हळद-तेल लावलं. मुलगी आल्यावर तिनं आधी पाय पाहिले. मी सांगितलं, कुंपणाच्या तारेत अडकली. तिनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सगळं तारेचं कुंपण स्वतःच्या हातानं काढलं. बांबू लावले. मी बांबू धरून उभा होतो. तारेनं काहीच केलेलं नव्हतं.

त्यानंतर घोडी थांब्यावर पाय उचलू लागली. चालणं तेच, दुडकी तीच, वळणं तीच. फक्त एक्सवर आली की चौकोनात उभी राहायची, एक सेकंद, आणि मग डावा, उजवा, डावा. पुण्याला पंचानं शेरा लिहिला: थांबा अस्थिर, स्वाराचा हात जड. पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या पंचानं तेच लिहिलं. दोन पंच सारखं लिहितात म्हणजे खरं असणार, असं मुलगी म्हणाली. ती विज्ञानाची माणूस आहे.

ती रिकिबी काढून बसू लागली. मग तिनं कुठंतरी वाचलं की लगाम घोडीच्या तोंडाजवळच्या कडीला शिवणाच्या दोऱ्यानं बांधायचा; हात जड झाला की दोरा तुटतो आणि आपल्याला कळतं. महिनाभर तसं केलं. दोरा एकदाही तुटला नाही. घोडी नाचत होती आणि दोरा शाबूत होता. दोरा पक्का असेल, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन मी तिला कच्चा दोरा आणून दिला.

तोही तुटला नाही.

एकदा तिनं विचारलं, "अप्पा, आपण घ्यायच्या आधी हिला कुणी नाचवलं असेल का हो?" मी म्हणालो, असेल, जत्रेतलं जनावर. जत्रेत विकणाऱ्यानं ती आम्हाला अगदी कोरी, काहीच न शिकवलेली, दिली होती आणि तसं सांगूनही दिलं होतं. पण तो समोर नव्हता.

या वर्षी संक्रांतीनंतर तिनं सांगितलं की घोडी विकायची. सांगताना आवाज चढला नाही. म्हणाली, माझ्या हातात ती बिघडत चालली आहे, दुसऱ्याच्या हातात सुधारेल. आणि मी आता बसणार नाही, कुणाच्याच घोड्यावर. एवढं बोलून ती पेपर तपासायला बसली. पुण्यात थांब्यावर नाचणारी घोडी कुणाला नको होती. शेवटी मुदखेडचा एक माणूस तयार झाला. त्याच्याकडं सहा-सात घोडे होते, लग्नाचे आणि मुलांना फिरवायचे. हिला लग्नात घालायचं नाही, अशी अट मुलीनं घातली. त्यानं ती लगेच मान्य केली.

तो एका रविवारी आला. दात पाहिले, खुरं पाहिली. मग तो बोलत बोलत बादलीवर बोटं वाजवू लागला, मुद्दाम नसावं, सवय असावी. घोडीनं कान उभे केले आणि पाय उचलले. त्याचं तोंड उजळलं. त्यानं खाली बसून तिच्या पुढच्या पायावरून अंगठा फिरवला. तिथं आता पांढरे केस आले आहेत.

"मॅडम, ही साखळीवर शिकलेली हाय."

"आमच्याकडं यायच्या आधीचं असेल ते," मुलगी म्हणाली. "आणि पायाचं म्हणाल तर तिथं तार लागली होती."

तिनं माझी दोन्ही खोटी वाक्यं एका दमात, जशीच्या तशी म्हटली.

"तार आडवीतिडवी फाडती, मॅडम. ह्ये गोल हाय. दोन्ही पायाला सारखं. आन् लई जुनं न्हाई. दोन साल."

मी आपणहून सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या माणसाचा अंगठा त्या जागेवर होता आणि मुलगी हिशेब करत होती. दोन वर्षांपूर्वी आपण कुठं होतो, एवढंच तिला आठवायचं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नव्हतं अजून. तेवढी जागा शिल्लक होती, तीत मी बोललो.

"मी नाचवली. तू नांदेडला होतीस. मामाच्या लेकाच्या लग्नात. आठ दिवस देवणीला होती."

मुदखेडच्या माणसानं विचारलं, म्हणजे आता इकायची का न्हाई? मुलगी म्हणाली, न्हाई, आणि त्याला चहा करून दिला. तो गेल्यावर तिनं एकच विचारलं: "दोरा आणून दिलात तेव्हाही माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

पुढं आठ-दहा दिवस आमच्यात फक्त घोडीपुरतं बोलणं झालं. तोबरा भरला का. नालबंद कधी येतो. पहाटे स्कूटरवर आम्ही पूर्वीसारखेच जात होतो, कारण स्कूटर एकच आहे. ती घोडीवर बसायची, पण कागद वाचा म्हणायची नाही. मी खुर्चीवर बसून राहायचो.

मग एका दुपारी तिनं गुणपत्रिकांची फाइल आणली. दोन वर्षांतल्या पाच. माझ्यासमोर मांडी घालून बसली, लाल पेन हातात, आणि म्हणाली, मी शेरा वाचते, तुम्ही सांगा कुणाचा.

थांबा अस्थिर. माझा, मी म्हणालो. तिनं शेजारी लिहिलं. हात जड. माझा. स्वार तणावात. माझा. मान वर. माझी. ती लिहीत गेली. पहिली पत्रिका संपली, दुसरी संपली. दर शेऱ्याला मी माझा म्हणत होतो आणि ते सोपं जात होतं. इतकं सोपं जायला नको होतं, हे मला कळत होतं. तिसऱ्या पत्रिकेत ती म्हणाली, "बी पाशी वळण उशिरा."

"माझं."

तिनं पेन थांबवलं.

"न्हाई अप्पा. बी पाशी मीच झोपले होते. हे माझं हाय. तेवढं राहू द्या माझं."

मी राहू दिलं. तिनं आपलं नाव लिहिलं आणि पुढचा शेरा वाचला.