हवा कुणी बिघडवली?

समस्त वसईकरांनो, हातातली कामं टाकून ऐका: आपल्या तालुक्याची हवा कुणी बिघडवली, याचा निकाल लागला आहे!

निकाल देणारे गृहस्थ आमच्या बिल्डिंगखाली भाजी विकतात. माझ्या स्कूटरच्या तापलेल्या सीटवर तळहात दाबतात, चटका बसल्यासारखा झटकतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं गरजतात, "तुमी फ्लॅटवाले आलात आन् हवा तापली!" मी आरोपीसारखी मान खाली घालतो आणि काकडी घेतो.

यंदा काकडी आलीच नाही. डोंगरउतारावरचं स्वतःचं रान तोडून त्यांनी तिथे काकडीचा मळा केला होता. काय झालं विचारलं, तर "चला, दाखवतो," म्हणाले.

बघून मी हबकलोच. झाडं होती तोवर उन्हाळाभर वाहणारा झरा पार आटला होता. सगळे वेल करपून मातीला चिकटले होते आणि आम्हा दोघांना उभं राहायला सावली नव्हती. त्यांनी सवयीने जमिनीवर तळहात दाबला. या वेळी तो खरोखरच भाजला. हात तसाच हवेत धरून ते गरकन फिरले, उजाड उतार चहूबाजूंनी न्याहाळला आणि ओरडले,

"पन साहेब, हितं तर एक पन बिल्डिंग नाय!"