गाऱ्हाण्याचं उघडं पान

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. म्हणूनच, गावच्या मुंबईकरांनी तिकडून गाऱ्हाणं लिहायचं आणि इथे गुरवांनी ते देवापुढे घालायचं, अशी वेबसाइट करायची ठरली तेव्हा मी म्हटलं, बाहेरचा माणूस कशाला, मी करतो.

शेजारच्या काकी तर इथेच, आचऱ्याजवळच्या आमच्या गावात, राहतात. पण गुरवांना तोंडाने सांगणं त्यांना जड जात होतं.

"तूच लिही रे. कोणाक दिसाचा नाय मा?"

"पासवर्ड आसा, काकी. गुरवांशिवाय कोणाक दिसाचा नाय."

लेकीला फिट येते, जामसंड्याला तिचं लग्न जमतंय, मुलाकडच्यांना मीच सांगेन, तेवढं बळ दे. एवढंच गाऱ्हाणं.

लॉगिन मी फक्त पहिल्या पानाला लावलं. आतल्या प्रत्येक गाऱ्हाण्याच्या वेब-पत्त्यात शेवटी नंबर होता, आणि तिथे 'तू लॉगिन केलंस का' हे विचारायचंच राहिलं. आमच्याकडे पुढच्या दाराला कडी असते नि मागीलदार दिवसभर उघडं. मी वेबसाइटही तशीच बांधली.

एका मुंबईकराचा फोन आला. "रे, पत्त्यातलो नंबर बदललो काय दुसऱ्याचा गाराणा दिसता. काकीच्या चेडवाक फिट येता काय?"

मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस.

तो हसला. "बायकोक सांगलंय रे. तिचा म्हायार जामसंड्याक."

प्रत्येक पानाला कुलूप घालायला मला दहा मिनिटं लागली. चार दिवसांत जामसंड्याहून नकार आला.

काकींना वाटलं, गुरव बोलले. दुसऱ्या कोणाला दिसत नाही, हे मीच तर सांगितलं होतं. दोन महिने त्या देवळात जात होत्या, पण गुरवांच्या हातचा प्रसाद घेत नव्हत्या. म्हाताऱ्या गुरवांना कारण कळेना. मी रोज बघत होतो आणि गप्प होतो. वेबसाइटचं कौतुक चाललं होतं ना.

शेवटी गेलो. काकी मागीलदारी कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सोलं पसरून संपवली.

"माका काय सांगतंस? गुरवाक सांग. चल, मी पण येतंय. त्येच्याशी मी दोन म्हयने बोलूक नाय."

गुरव देवळाच्या पायरीवर बसले होते. आम्हाला येताना बघून त्यांनी सरकून जागा केली. काकी बसल्या. मी उभ्यानेच सुरुवात केली.