तीन नंबरच्या बेअरिंगची नक्कल

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आई म्हणते. नाथाजीमामा म्हणतो, सायलेन्सर नाही. मी कोंबड्याचा आवाज काढते, हेडबाईंचा काढते, आणि सत्तेचाळीस सालापासून इंजिनांचाही काढते. त्या साली मामा फौजेच्या वर्कशॉपातून सुटून आला आणि साताऱ्यात नाक्याजवळ त्यानं शेड घातली.

पहिलंच मोठं काम सांगलीच्या तवनाप्पांचं. त्यांना गुळाची लॉरी घाटात सगळ्यांच्या पुढं काढायची होती. मामानं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून इंजिनाचा जोर वाढवला. मग आठ दिवस क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, निळा रंग फासायचा, बेअरिंगवर तो उठेल तिथं खरवडायचं, पुन्हा फासायचा.

"जोर वाढला की मार क्रँकवर येतो," तो म्हणे. "घाटात क्रँक मोडला तर दुसरं गिऱ्हाईक शेडात पाय ठेवायचं न्हाई. मग मी हाय नि बैलाचं शेपूट हाय."

चालू करायच्या दिवशी त्यानं बजावलं, "आधी पोटभर तेल, मग हातानं हँडल. बेअरिंगाला तेल पोचंस्तवर कुणी हात लावायचा न्हाई." आणि तेलाचा डबा आणायला गेला.

तवनाप्पांना दम कुठला! "आवाज तरी ऐकू की गं," म्हणत त्यांनी हँडल मारलं, आत चढून गॅस पार तळापर्यंत दाबला. इंजिन डरकाळलं आणि त्याच्या पोटातून आलं, ठॉक-ठॉक-ठॉक! त्यांनी झटकन बंद केलं.

"मामाला बोलायचं न्हाई हं, बाळ." हातात भडंगाची पुडी आली. शेंगदाणे भरपूर होते. माझं इमान तेवढ्यात विकलं गेलं.

मामा आला. तेल घातलं, हँडल फिरवलं, हळू चालू केलं. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं. तवनाप्पा खूश. मीही शब्द पाळला, पण भडंग संपलं, तोंड रिकामं झालं आणि त्यातून आपोआप बाहेर पडलं, "ठॉक-ठॉक-ठॉक!"

मामानं तडक इंजिन बंद केलं.

"अय्यो, इंजिन न्हवं, पोरगी वाजली!" तवनाप्पा ओरडले. "लय आगाऊ हाय."

"मीच, मामा," मी मान खाली घातली. "नुस्ती नक्कल केली."

हात पुसता पुसता मामा थांबला. "नक्कल? कुणाची?"

मी तवनाप्पांकडं बघितलं. तवनाप्पा अजिंक्यताऱ्याकडं बघायला लागले.

"कोंबडा ऐकलास म्हणून कोंबडा काढतीस. ह्ये कुठं ऐकलंस?"

बोलायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून मी रिकामी पुडी दाखवली.

मामानं इंजिनाचा तळ उघडला. तीन नंबरच्या बेअरिंगच्या आतला मऊ पांढरा धातू लोण्यासारखा पसरला होता. "ताज्या तेलानं आवाज दाबला. असाच घाट चढला असता," मामा हळूच म्हणाला, "तर क्रँक मोडलाच असता की वो!"

नवा धातू ओतायला, खरवडायला चार दिवस गेले. या खेपेला हँडल तवनाप्पांनीच फिरवलं, घाम गळेस्तवर. लॉरी घाट सुखरूप चढली.

तेव्हापासून प्रत्येक चाचणीला मामा मला शेजारी बसवतो. "बोलू नगस. नुस्तं ऐक."

गप्प बसण्यापेक्षा क्रँक होऊन मार खाणं सोपं.