थुंकी गिळ

"सारखं काय पाणी पाणी? पाणी पिणार, मंग मक्यात बसायला पळणार. माझ्या कळ्या काय तुझी सासू सोलीन? थुंकी गिळ अन् काम कर."

प्लॉटचा मालक हे माझ्या आईला म्हणाला. सगळ्यांसमोर. ओळीतल्या बायका हसल्या. आईसुद्धा हसली. तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

टेंभुर्णीजवळचा कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट. उद्या उमलणारी कळी आज दुपारी शोधायची, तिच्यातले पुंकेसर नखाने सोलून काढायचे. सकाळी तिला दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. न सोललेली कळी उमलली की बियाण्यातून बाद. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सकाळी कॉलेज, दुपारी आईबरोबर प्लॉट.

बांधावर लिंबाच्या सावलीत थंड पाण्याचा जार असायचा. मालकासाठी आणि बियाणं घेणाऱ्या कंपनीच्या साहेबासाठी. आमचं पाणी लांब विहिरीवर. तिकडे जायला निघालं की टोमणा. म्हणून बायका पाणीच पीत नसत. आईला लघवीला आग व्हायची. ती कुणाला सांगायची नाही.

त्या दुपारी थोड्या वेळाने आई ओळीतच खाली बसली. मी विचारलं, काय होतंय? तिला बोलता येईना. जीभ टाळूला चिकटलेली.

मी सरळ जारकडे गेले.

"ए पोरी, सायबाचा जार हाय तो!"

मी ग्लास भरून आणला. आई सवयीने वरून प्यायला लागली. पाणी गळ्यावर सांडत होतं. मी म्हणाले, "तोंड लावून पी."

ती प्याली.

"उष्टा केला ना ग्लास! आता कोण पिईन त्याच्यात?"

"नका पिऊ. तुम्ही थुंकी गिळा."

या वेळी कुणी हसलं नाही. शेजारच्या ओळीतल्या कौसामावशी उठून बांधावर जाऊन बसल्या. "मलाबी पाणी पायजे. त्याबगर कळीला हात लावणार न्हाई." मग एकेक करून सगळ्या बसल्या. मालकाने जार उचलून गाडीत टाकला. आम्ही घरी निघून आलो. दुसऱ्या सकाळी प्लॉट फुलांनी भरला होता. सुंदर, आणि बाद.

त्याने दुसऱ्या गावच्या बायका आणल्या. आम्हाला त्या हंगामात कुणीच कामाला बोलावलं नाही.

पुढे कॉलेजात मॅडमनी लाळ शिकवली. लाळ म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. अंगातलं पाणी कमी पडलं की शरीर लाळ आखडतं, तोंड कोरडं पडतं. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. बाकावर बसल्या बसल्या मला कळलं. आईच्या तोंडात गिळायला थुंकी नव्हतीच. तीही मालकानेच सुकवली होती.

आज मी पदवीधर आहे, घरातली पहिली. यंदा त्या मालकाला कामाला बायका मिळेनात. परवा तो आमच्या दारात आला. "ताई, तुमचं ऐकतात बायका. जल्दी सांगा त्यांना. दोन जार ठेवतो, बिलकुल थंड."

आई म्हणाली, "जाऊ दे आता. माफ कर."

नाही केलं. त्याच संध्याकाळी मी घरोघर फिरले. त्याच्या प्लॉटवर एकही बाई जाणार नाही. त्याचं 'ताई' मला नको, त्याचे जार नकोत. न सोललेल्या कळ्या ओळीच्या ओळी उमलतील, आणि बांधावर उभ्या असलेल्या त्याच्या तोंडचं पाणी पळेल. ते बघायला मी जाणार आहे.