गणपतचा सलाम आणि पेन्शन

चांदवडच्या माझ्या विसरभोळ्या बहिणींनो, मागे डिंकाचे लाडू पाठवलेत, त्यात डिंकच नव्हता! असो. आजची बातमी ऐका. मी बोलतेय, सून लिहितेय.

माझा मुलगा गणपत, पोलिसातला, चोरामागे धावताना कौलांवरून पडून पाय अधू करून बसलाय ना? आज पेन्शनसाठी त्याची तपासणी होती. डॉक्टरसाहेब आत आले आणि हा सवयीने कुबडी टाकून ताठ उभा! वर कडक सलाम!

साहेब म्हणाले, "पाय तर ठणठणीत आहे."

मी लगेच पुढे झाले. म्हटलं, "साहेब, ही नोकरीची खोड आहे. जरा चालायला सांगा की."

एक पाऊल टाकलं आणि गडी थेट साहेबांच्या गळ्यात! साहेबांनी हसत हसत पेन्शन मंजूर केली, बायांनो!

अशा शहाण्याला हसू की रडू, तुम्हीच सांगा. आणि लाडू पाठवा. या खेपेला डिंक घालून.