वसंताने वाचलेलं पत्र

वसंता गेल्याचं मला चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, आणि खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. त्या ग्रुपवर जिवंत माणसांनाही श्रद्धांजली वाहून झालीय. म्हणून त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने, नलूने उचलला. 'सुधा, गेले गं,' एवढंच म्हणाली. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय यावी? हा माणूस मला उत्तर न देताच सटकला! लिहायला लाज वाटते, पण तेच आलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

डिलाईल रोडच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर आम्ही वाढलो. तो गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायला लागले आणि अठ्ठावीस वर्षं तेच केलं. संशय घेणं हा माझा स्वभाव, आणि त्याचाच मला पगार मिळायचा. गिरणी बंद पडल्यावर वसंताने लढायांवर पुस्तकं लिहायला घेतली, तीही सेनापतींची नव्हेत. 'सगळ्या पुस्तकांत नकाशे असतात, बाण असतात. जवानाचे ओले मोजे कुठे असतात गं?' असं विचारायचा. मग हा कोकणातल्या गावांत, लालबाग-परळच्या खोल्यांत जवानांच्या आया-बायकांसमोर तासन्‌तास बसायचा आणि घरी येऊन सगळं आठवून लिहायचा. मी म्हणायची, 'अरे, टेपरेकॉर्डर नेत जा. आठवणीचा कसला भरवसा?' तो म्हणायचा, 'टेप दिसला की माणसं भाषण करतात.' मला ते कधीच पटलं नाही. त्याच्या पुस्तकातल्या आया जरा जास्तच छान बोलतात असं मला वाटायचं, आणि मी ते त्याला तोंडावर सांगायची.

त्याच्या सगळ्यांत गाजलेल्या पुस्तकाच्या शेवटी गणूचं पत्र आहे. गणू म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या काशीमावशीचा मुलगा, नलूचा मोठा भाऊ आणि वसंताचा जिवलग दोस्त. एकाहत्तरच्या लढाईत गेला. तार आधी आली, आणि त्याचं शेवटचं पत्र पंधरा दिवसांनी. काशीमावशीला अक्षरओळख नव्हती, नलू तेव्हा गावाला आजीकडे. त्यामुळे पत्र वाचायचं काम वसंताचं. ते एकदाच वाचून भागलं नाही. दर शनिवारी तो कामावरून आला की मावशीची हाक यायची, 'गणू काय म्हणता तां वाच रे परत.' वसंता पायरीवर बसून वाचायचा. पत्र त्याच्याच खिशात असायचं, कारण मावशीच्या खोलीत उंदरांचा सुळसुळाट. वर्ष, दोन वर्षं हे चाललं असेल. पुढे नलू मुंबईला आली, वसंताशीच तिचं लग्न झालं, मावशीला पत्र तोंडपाठ झालं आणि वाचन थांबलं...

पुस्तकाचं प्रकाशन दादरला झालं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. प्रूफं मीच पाहिली होती. वसंता उभा राहून पत्र वाचत होता. 'आई, मी सुखरूप आहे. जेवण चांगलं मिळतं. आता मजल्यावर नळ आलाय, तेव्हा खालून हंडे वर आणू नकोस, तुझे गुडघे दुखतात...' बायका डोळे पुसत होत्या, आणि माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. पत्रावर तारीख लढाईतल्या डिसेंबरची. आणि मजल्यावर नळ आला तो माझ्या ताईच्या लग्नानंतर, म्हणजे गणू जाऊन सहा महिने उलटल्यावर! ताईच्या हळदीचं पाणी मी स्वतः तळमजल्यावरून वाहिलंय. गणूला नळाची खबर दिली कोणी? एवढी ढळढळीत चूक माझ्याच नजरेतून सुटली होती, त्याचा संताप वेगळाच. मी तिथल्या तिथे उठले. 'थांब वसंता. नळ कधी आला? हे पत्र गणूचं नाही. तू लिहिलंयस.' पहिल्या रांगेत काशीमावशी बसली होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वसंताला म्हणाली, 'पुढचां वाच रे.' आणि त्याने वाचलं.

त्यानंतर आमचं बोलणं तुटल्यातच जमा. लग्नाकार्यात भेटलो तर 'काय, बरं आहे ना?' इतकंच. छापखान्यात चारचौघांत मी त्याला खोटारडा म्हटलं, आणि ते त्याच्या कानावर गेलं असणारच. काशीमावशी गेली तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, 'आता तरी सांग.' नुसता हसला. मला ते हसू लबाडाचं वाटलं.

तेराव्यानंतर नलूने बोलावून घेतलं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. 'प्रूफं तूच बघायचीस, असं सांगून गेलेत. आणि हे पाकीट तुलाच द्यायचं.' आत वसंताची चिठ्ठी होती... 'सुधा, मावशी आता नाही. कुठलं छापायचं ते तू ठरव.' आणि एक घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद. त्या कागदावर पत्ता नाही, टपालाचा शिक्का नाही. गणूच्या तुकडीतल्या कोणीतरी ते हातोहात आणून दिलं होतं, असं चिठ्ठीत लिहिलेलं. हो का! मी कागद खिडकीशी धरला, मागून-पुढून पाहिला. नलूच्या ट्रंकेतून गणूची शाळेची वही काढायला लावली आणि भिंग घेऊन ओळीला ओळ लावली. अक्षर गणूचंच.

'वसंता, हे आईला वाचू नकोस. पाय सुजलेत, बूट चढत नाहीत. काल शेजारचा गेला. थंडी इतकी की त्याचं ब्लँकेट मी ओढून घेतलं. तो तेव्हा गेला होता की नव्हता, देव जाणे. मला फार भीती वाटते रे. आईला तुझ्या मनाने काहीतरी बरं वाच.'

वसंता आयुष्यभर जे शोधत गावोगाव फिरला, ते त्याच्याच कपाटात होतं. मग मला काशीमावशी आठवली. नळ आला तरी ती खालूनच हंडे आणायची. वरच्या पाण्याला वास येतो, म्हणायची. आणि एके दिवशी अचानक वरच्या नळावर हंडा लावून उभी. माझ्या आईला म्हणाली, 'गणून सांगल्यान.' आम्ही दोघी पदराआड हसलो होतो. म्हणजे पत्र शनिवारी-शनिवारी वाढत गेलं होतं, आणि वसंताने तिला पाठ होतं ते छापलं. दुसरं काही छापलं असतं तर तिने समोर बसून ओळखलं असतं. आणि मी मूर्ख, तिच्यासमोर उभी राहून त्याला नळाची तारीख विचारत होते! चुकले रे वसंता. फार चुकले.

मी कागद हातातून सोडत नाही हे पाहून नलूने विचारलं, 'दादाने काय लिहिलंय गं? मोतीबिंदूने मला एक अक्षर दिसत नाही. ह्यांनी कधी हातात दिलं नाही. वाच ना.' पलंगाच्या कडेला सरकून, हात मांडीवर ठेवून ती ऐकायला बसली. मी चष्मा पुसला. कागद डोळ्यांसमोर धरला. आणि वाचलं, 'आई, मी सुखरूप आहे. जेवण चांगलं मिळतं...' नलू मान डोलावत होती. 'हेच. आई अगदी हेच सांगायची.'

नव्या आवृत्तीत दोन्ही पत्रं शेजारी-शेजारी छापायची, असं मी ठरवलंय. गणूच्या भीतीत लपवण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. पण नलूला विचारल्याशिवाय छापणार कशी? ते सांगायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, तेव्हा हा लेख तिला कोणीतरी वाचूनच दाखवणार. जो कोणी वाचेल त्याला हात जोडून सांगते, आहे तसं वाच, एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस. मला ते जमलं नाही.